लंगडी ओळ

मी खोगिराच्या चामड्याचा एक तुकडा बोलतोय. अर्धा जन्म घोड्याच्या पाठीवर डुलण्यात गेला, म्हणून बोलता बोलता मला अजूनही डुलकी लागते. सांभाळून घ्या.

चिलीच्या दक्षिणेकडच्या धुक्यात माझा धनी लोपे स्पेनच्या राजासाठी लढत होता. दिवसा भाला, संध्याकाळी कविता! ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याच शौर्याचं महाकाव्य रचायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. कागद संपला, तसं त्यानं मला खोगिरापासून कापलं आणि आठ ओळींचं एक कडवं माझ्यावर लिहिलं.

छावणीत लिकानराय नावाची बाई कैदेत होती, लोपे ज्यांच्याशी लढत होता त्या मापुचे लोकांतली. गावातली माणसं नदीपार होईपर्यंत तिचा भाऊ काल्फुनावेल स्पेनच्या फौजेला अडवत एकटा उतारावर उभा राहिला आणि तिथंच पडला. लोपेनं तिला त्याच्यावरचं हे कडवं वाचून दाखवलं.

"नावेल पडला? कोण नावेल?" तिनं विचारलं.

"तुझाच भाऊ. पूर्ण नाव ओळीत मावत नाही गं. वृत्त मोडतं."

"मोडू दे! नावेल आमचं अख्खं घराणं. काल्फु म्हणजे तो. घराणं जिवंत आहे रे, मेला तो! मी गेले की त्याचं नाव कोण घेणार?"

"लोक हसतील मला."

"हसण्यानं कुणी मरत नाही."

लोपेनं लेखणी शाईत बुडवली. मग त्यानं आठव्या ओळीत 'काल्फु' जोडलं. ओळ लंगडली ती कायमची.

पुढे पुस्तक छापलं गेलं. तिथं कुणा शहाण्यानं ओळ सुबक केली आणि काल्फु पुसला गेला. उरला तो फक्त माझ्या अंगावर. लिकानरायचं काय झालं, मला कळलं नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

आता मी संग्रहालयात काचेखाली पडून असतो. स्वप्नात खूप धुकं येतं. परवा एल्विरा नावाची अभ्यासक आपल्या म्हाताऱ्या सरांना घेऊन आली.

"कवी मीठमसाला लावणारच," सर म्हणाले. "असा कुणी खरंच होता, याचा हा पुरावा कोण मानेल?"

"महाकाव्यातली भाषणं रचलेली असतील, सर. पण नाव रचायचं असतं, तर वृत्तात बसणारं रचलं असतं ना? इथं त्यानं वृत्त मोडलंय. हा माणूस होता."

सरांनी बोटांवर ओळ मोजली, पुन्हा मोजली. "खरंच गं, लंगडतेय," ते हळूच म्हणाले.

तुम्ही कधी आलात, तर घाईनं वाचू नका. आठवी ओळ अडखळेल, तिथं थांबा. आणि त्याच्या बहिणीसाठी नाव पूर्ण घ्या.