मागच्या खोल्यांचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे आणि एका गोष्टीचा मला भारी राग येतो. कुलपाचे काम बंद राहणे, असे सगळे समजतात. साफ चूक! आमचे खरे काम उघडणे.

अलीगढच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझे मालक आत्माराम बोटीवर नोकरीला असताना त्यांनी मला मुंबईत विकत घेतले आणि रत्नागिरीला आणून आपल्या घरामागच्या दोन खोल्यांच्या दाराला लावले. त्या खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. कितीतरी कुटुंबे तिथे राहून गेली. एका भाडेकरणीचे बाळ तर माझ्याशी खेळत उभे राहायला शिकले. सगळे माझे कौतुक करत आणि मीही खुशीत चमकत असे.

यंदा उन्हाळ्यात शेवटच्या भाडेकरूची बदली झाली. नंतर पावसाळाभर मला कोणी हातही लावला नाही. खाऱ्या वाऱ्याने माझ्या पोटात गंज धरला. भाडे थांबले, आणि त्यावरच तर आत्माराम आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांचे घर चालायचे. मुंबईहून त्यांच्या मुलाचा, नितेशचा, फोन आला, "दिवाळीपर्यंत कोणी मिळालं नाही तर तुम्ही दोघं इकडेच या. घर विकून टाकू."

"मी हयसून हलायची नाय!" सावित्रीबाईंनी ठणकावले. मग भाडेकरू यायच्या आधी मी सुरळीत चालावे म्हणून त्यांनी माझ्यात भरपूर खोबरेल ओतले. आमच्याकडे दुखऱ्या गुडघ्यापासून करकरणाऱ्या दारापर्यंत सगळ्याला औषध एकच! पण त्या तेलात धूळ बसली आणि माझ्या पोटात चिकट खळ झाली.

बँकेतले एक गृहस्थ बायकोला घेऊन खोल्या बघायला आले. आत्माराम घामाघूम झाले, तरी मी उघडेना. अखेर उघडलो, तर आतून बुरशीचा भपकारा आला. त्या बाई कुजबुजल्या, "या घरात काही आहे का हो? दार उघडायलाच तयार नाही." दोघे गेले आणि ही भुताची आवई आळीभर पसरली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कुलपात तेल कोणी घातला?" आत्मारामांनी विचारले.

"मी. खोबरेल."

"अगो, ती काय तुझी वेणी आहे?"

त्यांनी मला रॉकेलमध्ये बुडवून घासून काढले. सावित्रीबाई म्हणाल्या, "आता रोज उघडायचा. घर असा कोंडून ठेवला तर येणार कोण?" त्या रोज सकाळी खिडक्या उघडून केर काढू लागल्या आणि तिन्हीसांजेला आत दिवा लावू लागल्या. मीही मनाशी ठरवले, आता किल्ली फिरली की उघडायचेच.

दिवाळी तोंडावर आली. एका संध्याकाळी इस्पितळात नव्याने लागलेली नर्स, दाभोळची दिशा, खोली शोधत फाटकापाशी आली. दिवा बघून थबकली आणि फोनवर म्हणाली, "आई, इथंपण माणसं राहतात गो. दिवा लागलाय." ती मागे फिरली. मला ओरडता येत असते तर!

पण तुळशीपाशी उभ्या असलेल्या सावित्रीबाईंनी ते ऐकले. त्या अनवाणीच धावल्या. "अगो पोरी, थांब! तो दिवा मीच लावलाय. तुझ्यासाठीच!"

दिशा बावरून हसली. "आमची होडी आहे हो. माझ्याकडे मासळी शिजणार. चालेल ना?"

"वाटीभर इकडे नाय दिलीस तर नाय चालणार."

सावित्रीबाईंनी मला दाराला लावले आणि किल्ली तिच्या हातात दिली. "तूच उघड." मी सगळे बळ एकवटले. खट्! एका झटक्यात उघडलो. आत्मारामांनी मला शाबासकीची थाप दिली आणि लगेच नितेशला फोन लावला.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुठे बंद खोली असेल तर तिचे दार रोज उघडायला सांगा. ऊनवारा आत जाऊ द्या. माणसाचा हात फिरला तरच आम्ही धड राहतो.

आता रोज सकाळी दिशा मला लावून कामावर जाते. बंद होताना मला मुळीच वाईट वाटत नाही. संध्याकाळी ती परत येणार आहे.