एकेचाळीस खाचांची पहार

या मित्रांनो, अंमळ जवळ सरका. घटकाभर कान दिलात तर एक लांबची गोष्ट सांगते. मी एक जुनी पहार आहे, बर्फ ठोकायची. उत्तर ग्रीनलंडमधल्या आमच्या गावी झाड उगवत नाही, म्हणून माझा दांडा समुद्राने वाहत आणलेल्या लाकडाचा. टोक मोडक्या जहाजाच्या लोखंडाचं, आणि टोकाशी अडकवायचा एक वाकडा आकडा. मला घडवलं किल्लाक नावाच्या शिकाऱ्याने.

कुत्र्यांच्या गाडीपुढे चालत तो मला गोठलेल्या खाडीवर ठोकायचा. पहिल्याच ठोक्याला मी आरपार गेले तर माघार. बर्फाने दोन ठोके सोसले तर माणूस जाईल, तीन सोसले तर गाडी. माझ्या शब्दावर तो पाऊल टाकी. एका लाकडाला याहून मोठा मान कोण देणार!

लांबलचक अंधारानंतर सूर्य परतला की गाव चर्चमध्ये स्तोत्रं गाई. मी दाराबाहेर टेकून ऐकत असे. मग किल्लाक खाडीत भोक पाडी, माझा आकडा बर्फाच्या तळाला लावी आणि वर बर्फ जिथे संपे तिथे माझ्या दांड्यावर खाच पाडी. "देवाने यंदा एवढी जमीन दिली," म्हणे. चाळीस हिवाळे, चाळीस खाचा. मला उभं धरलं की पहिल्या त्याच्या छातीला लागत. अलीकडच्या मांडीशी उतरलेल्या.

सिंधहून नाझो आली, हवामान शिकलेली. तीन हिवाळे राहून आमची भाषा बोलू लागली होती. एकदा माझ्या खाचांवरून बोटं फिरवता फिरवता थबकली.

"बाबा, केवढं जपलंत हे!"

"चाळा आहे त्यांचा," किल्लाकची मुलगी नादुक म्हणाली. "सील कापायला सांगा, लगेच हात दुखतात."

नाझो हसली नाही. तिच्या आईचं गाव आठ दिवसांच्या पावसात बुडालं होतं. आई छपरावर बसून वाचली.

"इथला बर्फ विरून समुद्र उघडा पडला की वरच्या वाऱ्याची वाट वाकते," ती म्हणाली, "आणि दूर कुठेतरी ढग अडून बसतात, असं दिसतंय. पक्कं कुणालाच ठाऊक नाही. या खाचा तिकडच्या पावसाशी ताडून पाहिल्या, तर कदाचित पुढच्या वेळी आईला आधी निघता येईल. पहार देता?"

किल्लाकने मला जवळ ओढलं. "सूर्य येऊ दे. एकेचाळिसावी पाडतो, मग ने."

सूर्य आला. सूर्य परतण्याच्या दिवशी खाडीने चाळीस वर्षांत कधी दगा दिला नव्हता. म्हणून मला खांद्यावर टाकून, चर्चमधलं स्तोत्र गुणगुणत तो निघाला. ठोकलं मात्र नाही. मी ओरडणार कशी?

कडाड! म्हातारा गळ्यापर्यंत पाण्यात. पण हातातून त्याने मला सोडलं नाही. मी भोकावर आडवी पडले, वाकले, करकरले, पण धरून राहिले. मागून नादुक पोटावर सरपटत आली आणि त्याला ओढू लागली.

"बाबा! ठोकायचं सोडून गात काय होतात?"

"अगं," दात वाजवत तो म्हणाला, "शेवटचं कडवं राहिलं होतं."

बाहेर येताच त्याने काय सांगितलं असेल? "आधी माप घे. चार बोटं तर चार बोटं. नाझोच्या आईचा प्रश्न आहे."

एकेचाळिसावी खाच पडली. नाझोने एकेचाळीस मापं वहीत उतरवली आणि मला परत नादुकच्या हाती दिलं. "हिला नेलं तर पुढची खाच कशावर पाडाल?"

तिसऱ्या वर्षी सिंधहून तिचं पत्र आलं. अनेक ठिकाणची मापं जुळवून पावसाचा इशारा वेळेवर गेला होता, त्यांत आमचीही होती. या वेळी तिची आई पूर येण्याआधीच शेळ्यांसकट उंचावर जाऊन बसली होती. किल्लाकने पत्र तीनदा वाचायला लावलं, आणि त्या वसंतात शांतपणे गेला.

आता नादुक मला ठोकते, दर पावलाला. मित्रांनो, ओळखीच्या वाटेवरही ठोकून पाहत जा. आणि वेळीच मिळालेल्या इशाऱ्याने तुमचं कुणी पुरातून सुखरूप निघालं, तर हात जोडताना माझ्या किल्लाकची आठवण काढा.