सुकलेले पोंगे

देवपूरच्या शाळेमागे नववीच्या वर्गाने ज्वारीचे दोन वाफे केले होते आणि त्यातल्या एका वाफ्यावर ऋतिकाचा नुसता जीव होता! त्यात दादर होती, खान्देशातली जुनी रब्बी ज्वारी. बी दिलं होतं बोदवडच्या बेबाआत्याने. आत्याच्या शेतात आता केळी न् कपाशी. दादर उरली होती ती एवढीच, मूठभर. पदराची गाठ सोडून तिने ती ऋतिकाच्या ओंजळीत ओतली.

"सारं तुलेच देऊन रायली वं. कणसं झाली का मले आणून दे. पुन्हा पेरीन."

"पोतंभर आणते, आत्या!" ऋतिका म्हणाली. मग शाळेच्या प्रार्थनेला माईक धरून तिने सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "आमच्या दादरला फवारणी लागत नाही. किडीशी ती आपली आपण लढते!" टाळ्या अशा पडल्या की तिचे पाय दिवसभर जमिनीला लागले नाहीत.

वाफ्यांना गुण द्यायला परीक्षक यायचे होते त्या सकाळी ती वाफ्यावर गेली आणि जागीच थिजली. खोडमाशीच्या अळीने रोपांचं पोट पोखरलं होतं. मधले पोंगे, शेंड्याची ती कोवळी गुंडाळलेली पानं, पिवळे पडले होते. ओढला की अलगद हातात यायचा आणि कुजका वास सुटायचा. शेजारी वर्गातल्या दिपमालाचा वाफा मात्र हिरवागार. तिचं बी दुकानातलं, औषध चोळलेलं.

"ओ लढवय्या!" वर्गातला हितेंद्र कुंपणाजवळून ओरडला. "तुना पैलवान तं आडवा व्हई गया! बठ्ठी दादर मरी गई शे!"

पोरं खदाखदा हसली. दिपमालासुद्धा. ऋतिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मधल्या सुट्टीत तिने कुणाला न विचारता सगळी दादर उपटली आणि बांधावर ढीग टाकला. "कीड पसरेल ना, मॅडम," असं तिने वर्गशिक्षिका सुनंदाबाईंना सांगितलं. बाईंनी मान हलवली. झालं, सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

आणि जेवणाची पिशवी काखेत मारून बेबाआत्या फाटकातून आत आली. भाचीचं कौतुक बघायला खास बोदवडहून निघाली होती. रिकाम्या वाफ्याकडे बघून म्हणाली, "आपली दादर कोठी हाय वं?"

ऋतिकाला रडू यायला लागलं, म्हणून ती चिडली. ढिगातलं एक रोप तिने आत्याच्या नाकासमोर नाचवलं. "हे बघ तुझं बियाणं! सगळ्या वर्गासमोर नाक कापलं माझं! आतून कुजलंय नुसतं, हे बघ, इथे—"

बोट ठेवलं तिथेच ती अडली. सुकल्या पोंग्याच्या बुडाशी, पानाच्या आडून एक हिरवा फुटवा डोकावत होता. नखाएवढा. तिने दुसरं रोप उचललं. त्यालाही. तिसऱ्याला तर दोन. मधलं खाल्लं गेलं तर जाऊ दे म्हणत रोपं बाजूने पुन्हा उभी राहायला निघाली होती. आणि तिला चार पोरांचं हसणं सोसलं नव्हतं.

आत्यानेही फुटवा पाहिला. "मेली नव्हती वं," ती हळूच म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ऋतिकाने मातीत बसून हातानेच खड्डे उकरले. ढिगावरची बरीच रोपं उन्हाने पापड झाली होती. तळातली तेवढी ओली. आत्या निवडून द्यायची, ती लावायची. आत्याच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

"लागतील का गं?"

"काय सांगू? पाणी घाल."

दिपमाला बाटली भरून घेऊन आली. ऋतिकाने ती मान वर न करताच घेतली.

परीक्षक आले. मागे सगळा वर्ग, सुनंदाबाई, हितेंद्र. "यातला तुझा वाफा कोणता?" एकाने विचारलं.

माना टाकलेल्या रोपांच्या त्या ओळीकडे तिने मातीने माखलेलं बोट दाखवलं. या वेळी माईक नव्हता.

"हा. रोपं जिवंत होती, सर. कीड पसरेल हे मी खोटं सांगितलं. सगळे हसले म्हणून मी उपटली. आणि बी माझं नव्हतं, आत्याचं होतं. तिच्याकडे आता दुसरं नाही."

कुणीच हसलं नाही. आत्याने पिशवी खाली ठेवली आणि पुढच्या रोपाभोवतीची माती अंगठ्याने दाबली.