धुराड्याची दोन टोकं

“कॅप्टन, त्याला सांग, शिडीचा आकडा आढ्याला नीट बसलाय का बघ म्हणावं. वरून पडला तर गोळा करायला मी जाणार नाही.”

कॅप्टन म्हणजे कुत्रा. तो दारात पाय ताणून पडला होता. त्याने एक कान हलवला.

अंगणातून फेस्टीचं उत्तर आलं, “कॅप्टन, तिला सांग, तिला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी शिड्या लावतोय.” मग तो खाकरला आणि थुंकला. बेडका कुठे पडला असेल ते डेलियाला न बघताही कळलं. पायरीवर. सकाळीच घासलेल्या पायरीवर.

भाऊबहीण एका छपराखाली राहत होती आणि आईच्या मर्तिकापासून एकमेकांशी बोलत नव्हती. आईचं प्रेत घरात होतं, रीतीप्रमाणे गाव रात्र जागवायला जमलं होतं, आणि व्हिस्की चढलेल्या फेस्टीने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “आमच्या डेलियाला आईशिवाय कोणी ठेवून घेतलं नाही. आता ही धोंड माझ्या गळ्यात.” प्रेताच्या उशाशी बसलेली माणसं हसली होती. शेजारच्या फिलोमिनाने तर ते वाक्य चर्चच्या दारापासून धक्क्यावरच्या कोळ्यांपर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी आईला पुरून आल्यावर डेलियाने बोलण्याचं काम कुत्र्यावर सोपवलं. तेव्हाचा कुत्रा मेला, ते काम कॅप्टनकडे आलं.

बोलणं थांबलं तरी माणूस दिसायचा थांबत नाही, आणि त्याचा वासही थांबत नाही. कपातली कवळी, चुलीच्या दांडीवर वाळत घातलेले मोजे, चहात बुडवून चोखलेला पाव. डेलियाला त्याची किळस यायची, रोज, जेवणासारखी वेळेवर. गेल्या हिवाळ्यापासून तर त्याची चादर सकाळी ओली असे. तो ती गुंडाळून पलंगाखाली कोंबी. डेलिया नाक दाबून ती बाहेर काढी, धुई, मागच्या कुंपणावर वाळत घाली, आणि याबद्दल कुत्र्याकडेही शब्द काढत नसे. कारण तिने गावातल्या मार्टिनचं झालेलं पाहिलं होतं. मार्टिनचं हेच दुखणं एकदा चर्चच्या बाकावर उघडं पडलं, आणि गावाने त्याला ‘गळका नळ’ म्हणायला सुरुवात केली. मार्टिन पुन्हा चर्चला आला नाही. दारूच्या गुत्त्यातही आला नाही. घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला तो उठलाच नाही.

आज मात्र वर्षातला तो एक दिवस होता. कॉनेमाराच्या आयरिश किनाऱ्यावर ऑक्टोबरचं वारं फिरलं की हिवाळ्याची चूल पेटवायच्या आधी धुराडं साफ करावंच लागतं. उन्हाळाभर स्वयंपाक गॅसवर होतो आणि थंड धुराड्यात कावळे घरटं रचतात. तसंच पेटवलं तर धूर घरात आणि माणसं अंगणात. न पेटवावं, तर चुलीच्या पाठची पाण्याची टाकी गार, तिच्यातून खोल्यांत गेलेल्या नळ्या गार, आणि नाताळापर्यंत अंथरुणाला बुरशी. साफ करायला दोन माणसं लागतात. एकाने छपरावरून दोर सोडायचा, दुसऱ्याने खाली त्याच्या मधोमध काटेरी हॉलीचं झुडूप बांधायचं, आणि मग वरच्याने वर ओढायचं, खालच्याने खाली. धुराड्यातून निरोप न्यायला कुत्रा चालत नाही. म्हणून ‘ओढ’ आणि ‘सोड’ एवढे दोन शब्द या दिवशी थेट बोलायचे, हे त्या दोघांत न ठरवता ठरलेलं होतं.

डेलियाने चुलीमागचा लोखंडी पत्रा काढला. आतून कुजका, आंबूस वास आला. वरून फेस्टीने काठीने ढोसलं आणि घरटं धपकन खाली आलं: काड्या, मेंढीची लोकर, विष्ठेचे पांढरे थर, आणि त्यांत रुतलेलं कावळ्याचं मेलेलं पिल्लू. पिल्लू हलत होतं. नीट पाहिल्यावर कळलं, हलत होत्या त्या अळ्या. तिने तोंड फिरवून दोन ओकाऱ्या काढल्या, फावड्याने सगळं बादलीत भरलं आणि खताच्या ढिगावर नेऊन उपडं केलं. परत आल्यावर हात धुवायला दुसरी बादली भरून दाराबाहेर ठेवली. हात धुतले तर पाणी काळंकुट्ट झालं.

तोवर दोर खाली आला होता. तिने झुडूप बांधलं.

“ओढ.”

झुडूप वर गेलं. खरखर काजळी पडली. निम्म्यात झुडूप थांबलं.

“ओढ,” ती पुन्हा म्हणाली.

दोर हलेना. खूप वेळाने धुराड्यातून आवाज आला, एखाद्याने विहिरीतून बोलावं तसा.

“डेलिया.”

तिच्या हातातला दोर तसाच राहिला. हे नाव त्या तोंडून ऐकल्याला कुत्र्याचा एक जन्म उलटला होता.

“काय?”

“पाय ऐकत नाहीत. मला खाली येता येत नाही.” मग, “आणि दुसरंही झालंय.”

ती बाहेर गेली. फेस्टी आढ्यावर घोड्यावर बसावं तसा बसला होता, धुराड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून. विजार मांड्यांपासून गुडघ्यांपर्यंत काळपट ओली. ओघळ कौलांवरून पन्हाळीपर्यंत आला होता. पाऊस तर कालपासून नव्हता.

“घाण माणूस,” डेलिया म्हणाली आणि शिडी चढू लागली.

तिने त्याचा एक पाय धरून पायरीवर ठेवला, मग दुसरा. “खाली बघू नकोस. माझ्या खांद्यावर भार टाक.”

“तुझ्या तोंडाला लागेल.”

“लागलंच आहे. उतर.”

खरंच लागलं होतं. ओली विजार तिच्या गालाला चिकटत होती आणि तो उबट, उग्र दर्प नाकातून थेट पोटात उतरत होता. तिने ओठ घट्ट मिटले. जन्मात तिला कशाची एवढी शिसारी आली नव्हती, आणि हात सोडावा असं दर पायरीला वाटत होतं.

त्याचे पाय अंगणाला टेकले आणि वळणावर मोटार वाजली. फिलोमिना. गाडी फाटकाशी थांबली. तिने दार उघडलं, डोक्याचा रुमाल बांधत ती उतरली आणि फाटकाची कडी चाचपू लागली.

फेस्टीने दोन्ही हात विजारीपुढे धरले. पण त्याने उलट नजर तिकडेच जात होती. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. प्रेताच्या उशाशी हसवणारं तेच तोंड.

डेलियाने दाराजवळची बादली उचलली आणि ते काळं पाणी डोक्यापासून पायापर्यंत त्याच्यावर ओतलं.

“घाणेरड्या! सगळी काजळी घरात पाडलीस. एक काम धड येत नाही तुला.”

फिलोमिना फाटकात थिजली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू सणाचं तेज आलं. “अगं बाई डेलिया, जीव घेशील की त्याचा.”

फेस्टीच्या नाकावरून काळं पाणी टपकत होतं. त्याने खाली आपल्या विजारीकडे पाहिलं. ती आता सदऱ्यासारखीच ओली होती, बाह्यांसारखीच काळी.

“बघितलंस ना, फिलोमिना?” तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. “या चेटकिणीबरोबर राहतो मी. आपल्या सख्ख्या भावावर बादल्या ओतते.”

“आणखी एक ओतीन,” डेलिया म्हणाली. “फिलोमिना, चहा घेणार का? मात्र बसायला जागा नाही, सगळीकडे घाण आहे.”

“नको गं. मला घाई आहे.”

तिला घाई कसली होती ते अंगणातल्या कोंबड्यांनाही कळलं असतं. गाडी निघून गेली.

दोघं आत आली. डेलियाने पाणी तापवलं, साबण दिला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याने काढलेली विजार तिने दोन बोटांनी उचलून टबात टाकली, आणि तिथेच वाकून ती पुन्हा ओकली. किळस कमी झाली नव्हती. उद्या चादर ओली असेल तेव्हाही ती असणार होती.

कोरडे कपडे घालून फेस्टी स्टुलावर बसला. “मर्तिकाच्या रात्री मी—”

“झुडूप निम्म्यात अडकलंय,” डेलिया म्हणाली. “बसल्या बसल्या दोर धरता येईल?”

“येईल.”

“मग धर.”

“आणि वर कोण?”

ती बाहेर गेली. शिडीवर त्याच्या बुटांचा चिखल होता, आणि नुसता चिखलच नव्हता. ती नाक मुरडत चढली. आढ्यावर धुराड्याला टेकून बसली, दोराचं टोक मुठीला गुंडाळलं. वरून सगळा रस्ता समुद्रापर्यंत दिसत होता. फिलोमिनाची गाडी पहिल्या फाटकाशी उभी होती. मग पुढच्या. तिथे दोन बायका दारात आल्या, आणि एकीने हसू आवरेना म्हणून पोटाशी हात धरले.

धुराड्यातून आवाज आला, “डेलिया, ओढ.”

तिने तोंडातली काजळी थुंकली आणि ओढलं.