वामनरावांच्या मोटारीला हवा लागली

वैशाखातलं ऊन डोक्यावर, आणि वामनरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. कुंपणावर पोरं, ओट्यावर बाया, कडुनिंबाखाली म्हातारे, आणि मधोमध नुकतीच उन्हातून येऊन तिथंच बंद पडलेली, बोनेट उघडून आ वासलेली त्यांची जुनी पांढरी मोटर. आरशाला लिंबू-मिरच्या, स्टिअरिंगला काळा दोरा, चाकांपुढे नारळ. एवढा थाट वामनरावांच्या लग्नातही झाला नव्हता.

मोटारीपुढे बसले होते हवाबंद महाराज. शेजारच्या गुलाबरावांनी त्यांना आणलं होतं. माणसाला, म्हशीला, विहिरीला, कशालाही लागलेली हवा, म्हणजे भूतबाधा, हे बंद करतात अशी त्यांची ख्याती. कोणत्या म्हशीची बंद केली ते कोणी सांगत नव्हतं, पण ख्यातीला म्हैस लागत नाही.

महाराजांनी रांजणातलं पाणी मागवलं. खांद्यावरचा लाल पंचा त्यात बुचकळला आणि इंजिनाच्या एका बाजूला खाली हात घालून नीट गुंडाळून ठेवला. मग डोळे मिटून पुटपुट सुरू झाली. मधेच एक डोळा उघडून ते म्हणाले, "ही साधी हवा नाही. घाटातली आहे. ट्रक पलटी झाला होता ना, त्याची." कोणता ट्रक हे कोणी विचारलं नाही, घाटात ट्रक पलटतच असतात. "चाकातली तेवढी राहू द्या महाराज," असं कुंपणावरचा एक पोरगा, गोकुळ, हळूच म्हणाला, तेव्हा त्याच्या आजीनं त्याला चिमटा काढला.

अधूनमधून महाराज पंच्यावर पाणी शिंपडत होते. लोक घामानं निथळले, पण कोणी जागचं हललं नाही. बऱ्याच वेळानं महाराज गरजले, "मार सेल्फ!" वामनरावांनी चावी फिरवली. मोटर दोनदा खोकली आणि चक्क सुरू झाली. एकच जयजयकार उठला. गुलाबरावांनी तर मोटारीलाच नमस्कार ठोकला.

आता हे प्रकरण उपटलं कुठून, ते ऐका. वामनरावांची मुलगी सुचिता पाडव्याला बुलढाण्याच्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. पाळी दुपारची, आणि त्या वेळेला बस नाही. म्हणून वामनरावांनी तिला मोटर शिकवली, अन् लेक घाट चढून नोकरीला जाते हे ते गावभर सांगत फिरले. उन्हाळा तापला तशी मोटर घाटातल्या वरच्या वळणावर बंद पडायला लागली. तासभर थांबलं की आपोआप सुरू. वामनरावांनी कय्यूम मिस्त्रीला फोन लावला. तो भाचीच्या लग्नाला बऱ्हाणपुरात, मागे बँड वाजतोय, त्यातून तो एवढंच ओरडला, "काकाजी, तिनं हवा धरली असन! आल्यावर पाहतो!" फोन स्पीकरवर होता आणि वामनरावांची बायको आशाबाई चुलीपाशी होत्या. त्यांची भाकर तव्यावरच करपली. बाईमाणूस हवा म्हटल्यावर काय समजणार? संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं, की वामनरावांच्या मोटारीला बाहेरची हवा लागली.

मोटर सुरू झाल्यावर महाराजांनी निकाल दिला. हवा मोटारीची नाहीच. जिच्या हाती मोटर गेली तिची आहे. चावी मुलीच्या हाती द्यायची नाही. अमावास्येला मोटर महाराजांच्या मठात आणून सोडायची, हवा उतरेपर्यंत. मुलीनंही पाच शनिवार मठात बसायचं. हवा उतरायला किती दिवस, असं वामनरावांनी चाचरत विचारलं. "ते हवेवर आहे," महाराज म्हणाले.

सगळं अंगण सुचिताकडे वळून पाहायला लागलं. कालपर्यंत जिला 'सुचे, माह्या बीपीच्या गोळ्या आण' म्हणत होत्या, त्याच बाया पदर सावरून दोन पावलं मागं सरकल्या. सुचितानं बापाकडे पाहिलं. वामनरावांनी मात्र मान खाली घालून चावी बंडीच्या खिशात टाकली. त्या बोटभर चावीचं ओझं त्यांना दिवसभर जाणवत राहिलं. रात्री जेवणही गोड लागलं नाही.

सकाळी ते ओट्यावर चहा पीत होते. सुचितानं बोनेट उघडलं होतं आणि ती गार इंजिनात वाकून बोटं फिरवत होती. वामनराव पेपर वाचत असल्यासारखे बसले.

"आप्पा, तुम्ही मोटर कवा नेता?"

"सकाळी. बाजाराले."

"अन् मी?"

"दुपारी."

"मंग हवा माह्यावर आहे का दुपारवर?"

वामनरावांनी पेपराचं पान उलटलं. सुचिता बोलत राहिली, अर्धं स्वतःशीच. लॅबमधल्या स्पिरिटची बाटली उन्हात राहिली तर उघडताना फुस्स करते. पेट्रोल तर त्याच्याहून उडणारं. महाराजांनी पंचा ठेवला तो ना टपावर, ना चाकावर. बरोबर पेट्रोलच्या पंपावर. ज्याला भुतं दिसतात त्याला पंप कसा दिसला? मग ती आणखी वाकली. "आप्पा, पंप अन् सायलेन्सरच्या पाइपाच्या मधात दोन भोकं रिकामी हायेत. इथं काही तरी बसवेल होतं."

वामनरावांनी चहा तसाच खाली ठेवला. मग ते पेपरात तोंड खुपसून बसले.

अमावास्येला महाराज मोटर न्यायला आले, सोबत मठाचा ड्रायव्हर घेऊन. गाव पुन्हा जमलं. सुचितानं बापाच्या कानात काही सांगितलं होतं. वामनराव म्हणाले की मोटर द्यायच्या आधी मी एक चक्कर मारतो, शेवटची. माणसाचा जीव असतो मोटारीवर. कोणी अडवलं नाही. भर दुपारी ते घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले, मोटर अंगणात उन्हात उभी केली, बोनेट बंद, इंजिन चालू. थोड्या वेळात मोटर गुरगुरली, थरथरली आणि बंद पडली.

"हवा!" गुलाबराव ओरडले.

"पण चालवत तं मी होतो," वामनराव म्हणाले.

साऱ्या माना महाराजांकडे वळल्या. महाराज म्हणाले की बाप-लेकीची हवा एकच असते. तेवढ्यात सुचिता आली. तिच्या हातात तिची जुनी ओढणी, ओलीचिंब. तिनं बोनेट उघडलं, ओढणी पंपावर गुंडाळली, हात जोडले आणि मोठ्यानं सुरू केलं, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..."

कुंपणावरच्या पोरांना काय, निमित्तच हवं होतं. अठराला म्हातारेही सामील झाले. तेवीसला आवाज पातळ झाला, आणि एकोणतिसाच्या पाढ्यात निम्मं गाव गळालं. गुलाबराव नुसते ओठ हलवत होते. सुचिता मधूनमधून ओढणीवर पाणी टाकत होती. मग तिनं बापाला खूण केली. मोटर दोनदा खोकली आणि सुरू झाली.

महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पाढे म्हणजेही मंत्रच, असं त्यांनी ठणकावलं. बऱ्याच माना डोलल्या.

"असन," सुचिता म्हणाली. "मंग पुढच्या बारीले तुमचा मंत्र म्हणा. फक्त पंचा कोरडा ठेवा."

"कोरड्यानं पंप थंडा कसा होईन?" महाराजांच्या तोंडून निसटलं.

गोकुळनं ते नेमकं पकडलं. "पंप थंडा करत होते का हवा बंद, महाराज?"

मठाचा ड्रायव्हर खाली पाहून हसला, आणि त्याच्याचकडून पुढचं निघालं. महाराज पूर्वी काळीपिवळी जीप चालवायचे, याच घाटात. उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं टाकायचं हे तिथल्या झाडून साऱ्या जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक.

सुचितानं मग साऱ्यांना सांगितलं. उन्हानं अन् इंजिनाच्या आचेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, मंत्र म्हणा नाहीतर पाढे. यालाच मिस्त्री लोक 'हवा धरली' म्हणतात. "पण हे आताच काऊन?" कोणीतरी विचारलं. सुचितानं हात पुसले. तिनं पुन्हा एकदा बापाकडे पाहिलं.

या वेळी वामनरावांनी मान खाली घातली नाही. ते तरातरा ओट्यावर गेले, रांजणावरचं झाकण उचललं आणि साऱ्या गावासमोर उंच धरलं. तो वाकडा, दोन भोकांचा पत्रा होता. "हा पंपाखाली होता. आच अडवाले. खडखड करे म्हणून संक्रांतीले मीच काढला, अन् पोरीच्या मायनं रांजणावर ठेवला. हवा लागली ती माह्या अकलेले. माह्या पोरीले नाही."

ज्या झाकणाखालचं पाणी तीर्थ म्हणून शिंपडलं जात होतं, तेच झाकण मोटारीचं औषध निघालं. आशाबाईंना मात्र वेगळीच काळजी. "अन् आता मी रांजणावर काय ठेवू?"

महाराज तोवर बसथांब्याकडे निघालेले. घाईत पंचा राहून गेला. आशाबाईंनी तो दोन पाण्यांत धुतला आणि रांजणाच्या तोंडाला बांधला. बरा बसला.

पत्रा बसवून झाला तेव्हा वामनरावांनी चावी काढून लेकीच्या हातावर ठेवली. "पाळीले उशीर होऊन राह्यला तुले," एवढंच म्हणाले, आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. घाट लागला. वरचं वळण आलं. मोटारीनं हवा धरली नाही; वामनरावांनी मात्र श्वास धरला होता, तो पठारावर पोचल्यावर सोडला. सुचिता हसली, पण पाहिलं तिनं रस्त्याकडेच.

आता त्या आळीत कोणाचं पोर तापलं, म्हैस आटली, विहीर बसली आणि कोणी 'हवा लागली' म्हणालं, तर आधी बाया-माणसं विचारतात, कोणती हवा? तुमच्याकडेही कोणी तसं म्हणालं तर नारळ फोडायच्या आधी बोनेट उघडून पाहा, जाणत्याला विचारा, आणि पोरीबाळींकडे बोट दाखवायच्या आधी आपल्याच रांजणावरचं झाकण तपासा.