चाळीस मिनिटांचं उत्तर

दोघी जावांचं शिवणकामाचं दुकान होतं. थोरली बोलघेवडी, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याला आयुष्याबद्दल चार गोष्टी सुनवायची. धाकटी काजं-बटणं करत मान खाली घालून ऐकायची. अध्यात्मावर माहितीपट काढणारी मंडळी 'माणूस कशासाठी जगतो?' असं साध्यासुध्या लोकांना विचारत गल्लीत आली, तेव्हा थोरलीला वाटलं, आता कुठे कुणी योग्य दारात आलं. आत्म्यापासून सुरुवात करून ती तब्बल चाळीस मिनिटं बोलली. धाकटीला त्यांनी निघता निघता विचारलं. थोरली तेव्हा आत चहा टाकत होती.

माहितीपट टीव्हीवर लागायचा होता त्या दुपारी थोरलीने अख्ख्या गल्लीला घरी बोलावलं आणि ठेवणीतले कपडे घालून पुढची खुर्ची धरली.

एक खाणकामगार बोलला, एक नर्स बोलली. मग दुकान दिसलं. थोरलीचे हात दिसले, हातातली कात्री दिसली.

"आता मी," थोरली म्हणाली.

पडद्यावर धाकटी आली.

"मला नाही हो ठाऊक," ती म्हणाली. "माझं बाळ गेलं तेव्हा जो तो समजूत घालायला यायचा. आमच्या ताई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. रोज सकाळी यायच्या आणि माझ्याशेजारी शिवत बसायच्या. तीन महिने. त्या येतील म्हणून मी उठायचे. कशासाठी जगायचं ते काही कळलं नाही, पण उठायला जमलं."

खोलीत कुणीतरी हुंदका दिला. शेजारीण उठून धाकटीच्या गळ्यात पडली. माहितीपट संपला, पण थोरली पुन्हा दिसली नाही.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कौतुक तिचंच झालं होतं, तरी सगळ्यांचे डोळे धाकटीकडे! आणि त्या तीन महिन्यांत आपण का गप्प होतो, ते तिला पक्कं माहीत होतं. जन्मात पहिल्यांदा तिला शब्द सुचले नव्हते. त्याची तिला अजून लाज वाटायची. धाकटीने नेमकं तेच उचललं होतं.

पाहुणे गेल्यावर तिने धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. "हे मला कधी बोलली नाहीस ते!"

"तुम्ही बोलू कुठे देता, ताई?" धाकटी म्हणाली. आवाजात ना राग, ना थट्टा.

चार दिवसांनी एक अनोळखी बाई दुकानात आली. शिवायला काही आणलं नव्हतं. नवरा नुकताच गेला होता. "टीव्हीत दिसल्या त्या तुम्हीच का?" तिने थोरलीला विचारलं.

'मीसुद्धा' हा शब्द थोरलीच्या अगदी ओठांवर आला. तो गिळून तिने धाकटीकडे बोट दाखवलं, स्वतःचं स्टूल त्या बाईला दिलं आणि गिऱ्हाइकं मध्येच येऊ नयेत म्हणून दाराशी जाऊन उभी राहिली. आत ती बाई रडत होती, धाकटी ऐकत होती. थोरलीचा एक कान तिकडेच होता. आपल्यापाशी आजवर कुणी असं रडलं का, हे ती आठवून बघत होती. एकही नाव आठवेना.

"केवढी मोठी झालीय ती, बघा," संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं.

हे कौतुक की तक्रार, त्याला कळेना. तिलाही ते नीटसं ठरवता येत नव्हतं.