लिंडेनफर्टचे मेयरसाहेब

सदानंदरावांची उभी नोकरी नगरपालिकांत गेली. मुख्याधिकारी म्हणून त्यांनी गावोगावचं पाणी आणि कचरा सांभाळला, पण एवढ्या वर्षांत एकाही नगराध्यक्षाशी त्यांचं धड पटलं नाही. त्यामुळे मुलाचे सासरे जर्मनीतल्या लिंडेनफर्ट नावाच्या शहराचे मेयर होते हे कळलं, तेव्हा ते शोभाताईंना म्हणाले होते, “घ्या! आता घरातच नगराध्यक्ष.”

व्याह्यांची खरी ओळख झाली ती कतारमध्ये, दोह्यात. मुलगा कैवल्य तिथे गॅस कंपनीत इंजिनियर, सून युडिथ शाळेत संगीत शिकवायची. अल मुंतझा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये युडिथचे वडील, हार्टमुट लेंझ, हल्ली कायमचेच राहायला होते. नातीचा, अंतराचा, सहवास मिळावा म्हणून त्या हिवाळ्यात सदानंदराव आणि शोभाताईही तिथे गेले.

लेंझ उंच, खांद्यात जरासे वाकलेले. कुठे जायचं नसलं तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. पहिल्याच दिवशी दोघं व्याही बागेत फिरायला गेले. बोलायला काहीच सुचेना. तेवढ्यात झाडांना पाणी देणाऱ्या पाइपातून गळती दिसली आणि दोघंही एकदमच थांबले.

“व्हॉल्व्ह,” लेंझ म्हणाले.

“वॉशर,” सदानंदराव म्हणाले.

दोघांनी वाकून पाहिलं. वॉशरच होता. लेंझ मोकळेपणाने हसले, आणि त्या दिवसापासून सदानंदराव त्यांना मेयरसाहेब म्हणू लागले.

मग रोजच्या फेऱ्या सुरू झाल्या. परतताना बिल्डिंगचा वॉचमन इलियास दोघांना खुर्च्या द्यायचा आणि दाट, वेलची घातलेला करक चहा पाजायचा. लेंझ कोर्टात जबानी द्यावी तसं सावकाश इंग्रजी बोलत. त्यांची कहाणी सदानंदरावांना कळली ती अशीच, चहाच्या कपागणिक थोडी थोडी.

लेंझ मुळात वकील. गावातला चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना मालकांनी एका दिवसात बंद केला, तेव्हा कामगारांचे दावे त्यांनी फी न घेता लढवले आणि नुकसानभरपाई मिळवून दिली. त्याच कामगारांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि मेयरच्या खुर्चीत बसवलं. पुढे तीनदा निवडून आले. ग्रंथालय आणलं, नदीवरच्या पुलासाठी राजधानीच्या खेपा घालघालून पैसे मंजूर करून घेतले.

मग सीरियातल्या युद्धातून पळालेली माणसं देशात आली. त्यांना छप्पर हवं होतं. लेंझनी त्या बंद कारखान्याची रिकामी इमारत उघडून दिली.

“तिथे आमचं गाव संपलं,” लेंझ म्हणाले. “माझ्यासाठी.”

गाव चिडलं. घराच्या दारावर लाल रंग फेकला गेला. धमक्यांचे फोन येऊ लागले. लेंझ ऑफिसात असायचे, फोन घ्यायची ती त्यांची बायको रेनाटे. ती आधी फोनला घाबरायला लागली, मग दाराच्या बेलला, मग बाहेर पडायचीच थांबली. एका सभेतून लेंझ घरी आले तर ती स्वयंपाकघरात पडलेली. हृदय थांबलं होतं. पुढची निवडणूक ते हरले. बेकरीत ओळखीची माणसं पाठ फिरवायची. शेवटी युडिथने त्यांना इकडे आणलं.

“तुम्ही चिडला नाहीत?” सदानंदरावांनी विचारलं.

“कुणावर? त्यांची नावं मला माहीत होती. त्यांच्या मुलांचीसुद्धा.”

फेब्रुवारीत लिंडेनफर्टच्या नदीवरच्या त्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. लेंझना निमंत्रण आलं नव्हतं. त्यांनी मोबाइलवर तो समारंभ पाहिला, शेजारी सदानंदराव बसले होते. भाषणं झाली, आभार झाले, बँड वाजला. सदानंदरावांना जर्मन कळत नव्हतं, पण ‘लेंझ’ हा शब्द ऐकायला ते शेवटपर्यंत कान देऊन होते. तो आला नाही.

“निदान नाव तरी घ्यायचं!” ते उसळून म्हणाले.

“पूल चांगला झालाय,” लेंझ म्हणाले. त्यांनी चित्र मोठं केलं. “कठडा बघा. लहान मुलांना मधून नदी दिसेल. मी तसंच सांगितलं होतं.”

त्याच आठवड्यात, दुपारी जेवून खुर्चीत डोळे मिटले ते त्यांनी पुन्हा उघडले नाहीत. शोभाताई चहाला उठवायला गेल्या, तेव्हा हात गार पडला होता.

रेनाटेच्या शेजारीच पुरायचं असं युडिथने ठरवलं. शवपेटी घेऊन ती आणि कैवल्य जर्मनीला गेले. सदानंदरावांकडे तिथला व्हिसा नव्हता, आणि अंतराला सांभाळायलाही कुणीतरी हवं होतं. ते मागे राहिले.

दफनाच्या दिवशी कैवल्यचा फोन आला.

“किती माणसं होती रे?”

“पाद्री, आम्ही दोघं, आणि एक सीरियन कुटुंब. दुकान बंद करून आलं होतं.”

“कारखान्यातले जुने कामगार कुणी?”

“नाही बाबा.”

“पालिकेकडून?”

“फुलं पाठवली होती. कार्डावर नाव चुकीचं लिहिलं होतं. युडिथने ते फाडून टाकलं.”

सदानंदरावांनी फोन ठेवला. मग त्यांनी शोभाताईंना हाक मारली आणि खाली जाऊन इलियासलाही वर बोलावून आणलं.

“आमच्याकडे असं कुणी गेलं की सभा शोकप्रस्ताव मांडते,” त्यांनी इलियासला हिंदीत सांगितलं. “तिथे कुणी मांडला नाही. आपण मांडू.”

कागद लागला नाही. नोकरीत त्यांनी असे किती प्रस्ताव लिहिले होते, बहुतेक न आवडलेल्या माणसांसाठी. ते उभे राहिले.

“लिंडेनफर्ट नगरीचे माजी मेयर, नामवंत विधिज्ञ हार्टमुट लेंझ यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा तीव्र शोक व्यक्त करीत आहे. त्यांच्या जाण्याने नगरीची अपरिमित...”

इथे ते अडखळले. हे वाक्य त्यांनी प्रत्येकासाठी डोळे झाकून लिहिलं होतं. आज त्या नगरीत कुणाचं काही हरवलं होतं का? शोभाताई त्यांच्याकडे बघत होत्या.

“...हानी झाली आहे,” ते म्हणाले. “तिला ते ठाऊक नसलं तरी.”

तिघं स्तब्ध उभे राहिले. अंतरा आतून येऊन आजीचा पदर धरून उभी राहिली. काय चाललंय ते तिला कळलं नाही, पण तीही गप्प होती.

“याला अनुमोदन लागतं,” सदानंदराव म्हणाले.

“माझं आहे,” शोभाताई म्हणाल्या.

इलियासला शब्द कळला नाही. तरी त्याने हात वर केला, आणि सदानंदराव मटकन खाली बसून तोंडावर रुमाल धरून रडले.